बूच घट्ट आहे, मग पाणी कुठून येतं?

(दृश्य : देवबाग, कर्ली खाडीचा काठ. ओहोटी. वाळूवर तिरक्या टेकलेल्या फायबरच्या होड्या.)

देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधे माड, घरं नि एक रस्ता. मे महिना अर्धा सरलाय. पर्यटकांची गर्दी अजून काही दिवस राहील, मग पाण्यातले खेळ बंद. पाठोपाठ १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही बंद, ती थेट ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढायचे, झाकायचे दिवस जवळ आलेत.

ही होडी मात्र हंगाम संपायच्या आधीच वर आली आहे. रोज सकाळी तिच्या मागच्या भागात चार-पाच लिटर पाणी साचलेलं असतं. रात्री पाऊस नाही, लाट नाही, खाडीत नुसती नांगरलेली होडी. तरी पाणी.

चार-पाच लिटर म्हटलं तर काहीच नाही. कापलेल्या कॅनने दोन-तीनदा उपसलं की संपलं. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला साधारण १८० मिलिलिटर होतं, बारा तासांत दोन लिटरच्या वर. म्हणजे इथे सेकंदाला जेमतेम दोन थेंब आत येतायत. एवढ्यासाठी भर हंगामात होडी वर काढायची का, असं कुणीही विचारेल. मालकाने तसंच म्हणत काही आठवडे काढलेत.

(दृश्य : होडीची मागची बाजू. कॅमेरा खाली सरकतो, पितळी चकतीवर थांबतो.)

होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. ट्रान्समच्या अगदी तळाशी साधारण २५ मिलिमीटरचं एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर असताना आत साचलेलं पाणी वाहून जावं म्हणून ते ठेवतात. भोकात पितळेची आटे असलेली चकती बसवलेली असते, तीन स्क्रूंनी. तिच्यात बूच फिरवून बसवायचं. काही होड्यांना रबरी बूच असतं, ज्याचा नट आवळला की रबर फुगून भोक बंद होतं.

होडीत मुद्दाम पाडलेलं आणि पाण्याच्या पातळीखाली असलेलं हे भोक. बूच विसरून होडी पाण्यात लोटली, तर पंधरा सेंटिमीटर खोलीवरच्या या भोकातून मिनिटाला तीसेक लिटर पाणी आत येतं. माणसं चढून, सामान भरून, इंजिन चालू करून पाचशे मीटर जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तो अपघात झाला. आपला विषय त्याहून सावकाश चालणारा आहे.

मालक मेस्त्रींना सांगतोय, "मेस्त्रीनू, वायसर बदललंय, बूच पान्यान आवळलंय, तरी पाणी येताच हा."

मेस्त्री बूच बघतही नाहीत. "मगे तां बुचातसून येणा नाय. बाजूसून येता."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर चालणार आहे.

तरी आधी बुचाचीच तपासणी होते, कारण ती दोन मिनिटांची आहे. बूच काढलं, जुन्या टूथब्रशने आटे घासले. आट्यांतून वाळू निघाली, ती निघणारच. किनाऱ्यावर बूच काढून वाळूत ठेवायचं आणि तसंच परत फिरवायचं, ही सवय इथे सगळ्यांनाच. दोन-चार कण आट्यांत अडकले की बूच घट्ट झाल्यासारखं वाटतं, पण बसत नाही. वायसर नवा आहे, मऊ आहे. रबरी बूच असतं तर नखाने दाबून पाहिलं असतं. ऊन आणि पेट्रोल यांनी रबर कडक होतं, आणि होडी वर असताना नट आवळूनच ठेवला तर रबर चेपलेलंच राहतं, पुन्हा फुगत नाही. मग माणूस अजून जोरात आवळतो. इथे तो प्रश्न नाही. बूच शाबूत आहे.

(दृश्य : होडीच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, लाकडी ओंडका सरकवतात. बादल्यांनी पाणी आत ओततात.)

गळती शोधायची खरी युक्ती उलटी आहे. बाहेरचं पाणी आत कुठून येतं ते पाण्यात दिसत नाही, म्हणून किनाऱ्यावर आतलं पाणी बाहेर कुठून जातं ते बघायचं. नाळ उचलून धरली की पाणी मागे जमतं, त्यामुळे सहा-सात बादल्या पुरतात. अख्खी होडी भरायची नाही. पाण्याचं एक घनमीटर म्हणजे एक टन, आणि वाळूवर टेकलेला तळ तेवढं वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो.

पाणी ओतायच्या आधी मेस्त्रींनी चकतीभोवतीचा भाग कोरड्या फडक्याने पुसलाय आणि त्यावर शाळेचा पांढरा खडू आडवा फिरवलाय. चकतीच्या कडेला, तिन्ही स्क्रूंच्या डोक्यांभोवती, खाली तळापर्यंत. कोरड्या खडूवर पाण्याचा थेंब आला की करडी रेघ उमटते, आणि ती जिथून सुरू होते तिथे बोट ठेवता येतं. खडू नसेल तर थेंब खालच्या कडेला लोंबताना दिसतो आणि आपण त्या कडेलाच पुट्टी थापतो.

पाच मिनिटं काही नाही. बुचाच्या डोक्याभोवतीचा खडू पांढराशुभ्र. मग डावीकडच्या खालच्या स्क्रूच्या खाचेत एक चमक दिसते. ती फुगते, थांबते, आणि खडूतून बारीक रेघ खाली येते. थोड्या वेळाने चकतीच्या वरच्या कडेखालूनही एक. दोन वाटा सापडल्या, आणि दोन्ही बुचाच्या बाहेरच्या.

(दृश्य : पेचकस. पहिला स्क्रू नुसताच गोल फिरतो.)

स्क्रू निघत नाही, फिरतोय नुसता. त्याला धरायला आत लाकूड उरलेलं नाही.

चकती काढली. सुरीने तिची कड खरवडली. वर पिवळीधमक, आणि खालच्या बाजूला गुलाबी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. गुलाबी भागावर पेचकसाने टोचलं तर चुरा पडतो. अशी चकती परत बसवायची नाही. ब्राँझची मिळाली तर उत्तम, ती जास्त टिकते.

चकतीमागे जुनं सिलिकॉन निघालं, पट्टीसारखं, एका ओढीत. न्हाणीघरात चालणारं सिलिकॉन पाण्याखाली फायबरला धरून राहत नाही. वर त्याचा तेलकट थर मागे राहतो, आणि त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही.

आता भोक उघडं आहे, आणि आत जे दिसतं त्यासाठी होडी वर काढली होती. ट्रान्सम नुसत्या फायबरचा नसतो. दोन्ही बाजूंना फायबर आणि मधे प्लायवूड, ताकदीसाठी. भोक पाडताना प्लायची कड उघडी पडते. ती रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बंद करायची असते, पण बऱ्याचदा घाईत तसंच भोक पाडून, चकती ठोकून मोकळे होतात. इथे प्लाय काळं पडलंय. पेचकस दाबला तर टोक आत जातं, लोण्यात गेल्यासारखं.

होडीत येणारं चार लिटर पाणी आपण रोज उपसत होतो. हे प्लायच्या आत मुरलेलं पाणी उपसता येत नव्हतं.

जुन्या लाकडी होड्यांचं गणित वेगळं होतं. मालवण ते गोवा पट्ट्यात रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या काथ्याने शिवायचे, फळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. त्या गळायच्याच, आणि ते कुणी लपवतही नसे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि फट आपोआप आवळली जायची. उन्हाळ्यात सुकलेली होडी पाण्यात टाकली की सुरुवातीला गळायची, मग शांत व्हायची. फायबर फुगत नाही, त्यामुळे त्याची फट कधी मिटत नाही. फुगतं ते मधलं प्लाय, तेही जिथे फुगून नुकसानच होणार अशा जागी. ते फायबरपासून सुटतं, कुजतं, आणि त्याच ट्रान्समवर चाळीसएक किलोचं इंजिन लटकत असतं, धक्के देत.

म्हणून मेस्त्री हातोडीच्या दांड्याने भोकापासून वर वर ठोकत जातात. भोकाजवळ आवाज भद्द. वीतभर वर गेल्यावर टणक. इंजिनाच्या बोल्टांपाशी पुन्हा पुन्हा ठोकून पाहतात, तिथेही टणक. नशीब. तिथे भद्द वाजलं असतं तर सगळा ट्रान्सम उघडावा लागला असता, आणि हा व्हिडिओ तासाभराचा झाला असता.

(दृश्य : वाकवलेला खिळा ड्रिलला लावून भोकाच्या आतून कुजकं लाकूड उकरतात. काळा भुसा.)

दुरुस्ती आता सरळ आहे, फक्त हळू आहे. कुजकं सगळं उकरून काढायचं, लाकूड पिवळं दिसेपर्यंत. मग गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग सुकवायचं. मे महिन्याचं ऊन आहे, तरी निदान तीन-चार दिवस. ओल्या लाकडावर इपॉक्सी (लाकडाला घट्ट धरणारं रेझिन) लावणं म्हणजे ओल बाटलीत बंद करणं.

इथे एक वाद होतो. मालक म्हणतो, होडीचंच रेझिन वापरू, घरात उरलंय. ते पॉलिएस्टर. स्वस्त आहे, होडी त्याचीच बनलीय, पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं चिकटत नाही आणि पाणी जास्त शोषतं. मेस्त्री ऐकत नाहीत, ते बरोबर आहे. पातळ इपॉक्सी आधी ब्रशने लाकडाला पाजतात, मग पूड घालून घट्ट केलेलं पोकळीत भरतात. एका वेळी वाटीभरच. या उन्हात जास्त कालवलं तर भांड्यातच तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं.

दुसऱ्या दिवशी त्या भरावातून भोक पुन्हा पाडायचं. भोवती सगळीकडून इपॉक्सीची कड राहिली पाहिजे, लाकूड कुठेही उघडं दिसता कामा नये. स्क्रूंची भोकंही त्याच भरावात नव्याने.

चकती बसवायला पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा. स्क्रूच्या भोकांची तोंडं मेस्त्री किंचित रुंद करतात, म्हणजे स्क्रूभोवती सीलंटचं कडं बसायला जागा होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रू लगेच पूर्ण आवळत नाहीत. आवळले तर सीलंट सगळं बाहेर पिळून निघतं आणि मधे काहीच उरत नाही. कडेने एकसारखी बारीक कड बाहेर आली की थांबायचं. थोडं घट्ट झालं की शेवटचा अर्धा फेरा.

मालक विचारतो, परवा पर्यटक आहेत, सोडू का?

"परवा नको, रे. आठ दिस होडीक पाणी दाखवू नको."

हे सीलंट हवेतल्या ओलीने वाळतं, आणि कोकणात ओलीला तोटा नाही. पण वरून कोरडं दिसलं तरी आतून पिकायला दिवस लागतात. परवाची माणसं शेजारच्या होडीने गेली.

(दृश्य : पुन्हा नाळ वर, पुन्हा बादल्या, पुन्हा खडू.)

आठवड्याने तीच परीक्षा. अर्धा तास झाला, खडू कोरडा. मेस्त्री तरी अजून अर्धा तास बसून राहतात, बिडी संपेपर्यंत. मग बूच काढून पाणी सोडून देतात.

बूच आता लावायचंच नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. झापांखाली ठेवली तरी होडीत पाणी जाणारच, आणि बूच लावलेली होडी पावसाळाभर हौद होऊन बसते. नाळ वर, भोक उघडं, आलेलं पाणी निघून जाईल. बूच मालक सुतळीने इंजिनाच्या हँडलला बांधतो आणि इंजिनासकट घरी नेतो. ऑगस्टमध्ये इंजिन लावायला हँडल धरलं की बूच हातात येईल.