राणी हेलेनाचा नवस

श्रोतेहो, नमस्कार. नवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. प्राचीन हिब्रू लोकांत माणूस काही मुदतीसाठी स्वतःलाच देवाला वाहून घेई. त्याला म्हणत नाजीर. त्यानं दारू तर प्यायची नाहीच, पण मनुका, द्राक्षाची साल, बीसुद्धा तोंडात घालायची नाही. केसांना वस्तरा लावायचा नाही. प्रेताजवळ जायचं नाही, मग ते आईबापाचं का असेना. पुन्हा सांगतो: द्राक्ष नाही, वस्तरा नाही, प्रेत नाही. मुदत बोलली नसेल तर 30 दिवस धरत. आणि कुणी अचानक शेजारी मेलं, तर पाळलेले सगळे दिवस बाद!

हे बाद होणं ध्यानात ठेवा, कारण आता राणी हेलेना येते.

इसवी सनाचं पहिलं शतक. आजच्या उत्तर इराकमध्ये, अर्बिलच्या भागात, आदियाबेने नावाचं राज्य होतं. तिथल्या या राणीनं यहुदी धर्म स्वीकारलेला. मुलगा लढाईवर निघाला, तेव्हा ती बोलली, "पोर सुखरूप परत आलं तर सात वर्षं नाजीर राहीन." लढाया राजे काढतात आणि उपासतापास आयांच्या वाट्याला येतात, याची मला फार चीड आहे. असो. मुलगा आला. राणीनं सात वर्षं पाळली आणि इस्राएलच्या भूमीत आली. तिथं यहुदी धर्मशास्त्र्यांचे दोन पंथ होते, शम्मायचा आणि हिल्लेलचा. शम्मायच्या पंथाच्या मते अशाला आणखी 30 दिवस पुरत. पण हिल्लेलच्या पंथानं तिला सांगितलं, परमुलखातली वर्षं धरता येत नाहीत, इथं पहिल्यापासून पाळा. राणीनं पाळली. दुसरी सात वर्षं संपत आली आणि तिला प्रेताचा विटाळ लागला. पुन्हा पहिल्यापासून! सात, सात आणि सात, 21 वर्षं. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यहूदा म्हणतात, 14च. 14 धरली तरी बाईची जिद्द बघा. यरुशलेमच्या दुष्काळात इजिप्तहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर मागवणारी तीच ही हेलेना.

नवस फेडताना मेंढा, कोकरू, कोकरी आणि बेखमीर भाकरींची टोपली लागे, आणि उतरवलेले केस यज्ञाच्या अग्नीत टाकत. गरिबाचा हा खर्च ऐपतदारानं उचलणं पुण्याचं मानत. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तिथला तो यज्ञाचा अग्नीच गेला. पण आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे तिथल्या यहुदी समाजाच्या, घरांत मूल नसलेली बाई नवस बोले, की मुलगा झाला तर सहा-सात वर्षं त्याचे केस कापणार नाही. मग ते उतरवून त्यांच्या भारंभार सोनं नाहीतर चांदी दान करत.