खारा वारा आणि खिडकीतली छिद्रं

नमस्कार श्रोतेहो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठी घर बांधणारा माणूस हल्ली लोखंडी खिडकीच्या वाटेला जात नाही. खारा वारा तिचे पापुद्रे काढतो. मग येतात अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे चौकटीच्या तयार पट्ट्या, बरेचदा ब्राऊन. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड भाजून चढवलेला थर, असेल तर गोष्ट वेगळी. पण अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेने ऑक्साइडचा थर वाढवलेल्या, सेक्शनवर तो रंग फासलेला नसतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांच्या तळाशी कथलाचे कण बसवलेले असतात, त्यांचा तो रंग.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेनेच ऑक्साइडचा थर येतो, पण जेमतेम दोन-चार नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-चौपट. कारखान्यात सेक्शन सौम्य गंधकाम्लात बुडवून त्याला विजेचं धन टोक जोडतात. थर वाढू लागतो. जिथे तो किंचित पातळ, तिथे विजेचा जोर जास्त. तिथेच खळगा पडतो, आणि पुढचं सगळं काम त्या खळग्याच्या तळाशी एकवटतं. ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागत असल्याने शेजारचे खळगे एकमेकांना रेटतात. या रेटारेटीतून मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं तयार होतात, प्रत्येकात मधोमध एक उभं छिद्र. केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ साली ही रचना मांडली. १९९५ मध्ये जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी तीच छिद्रं शिस्तीत, ओळीने आणून दाखवली. दोन छिद्रांमधलं अंतर ठरतं व्होल्टेजवर: व्होल्टमागे साधारण अडीच नॅनोमीटर. ४० व्होल्टला १००! आखणारा कुणी नाही, नुसतं बटण फिरवायचं.

पण उघडी छिद्रं मीठही आत घेतात. म्हणून शेवटी सेक्शन उकळत्या पाण्यात ठेवतात. ऑक्साइड पाणी धरून फुगतो आणि तोंडं मिटतात. याला सीलिंग म्हणतात. घाईत नेमकी हीच पायरी उरकली जाते, तेव्हा ती विचाराच. किनाऱ्यावर थर २५ मायक्रॉनचा मागा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फॅब्रिकेटर तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि मिठाने थर खाल्ल्याचे पांढरे ठिपके आधी कुठे येतात? पावसाचा मारा बसतो तिथे नव्हे, वळचणीखाली. तिथलं मीठ धुऊन जात नाही. ती बाजू अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा. ओला चुना आणि सिमेंट मात्र हा थरच खातात. गिलावा पुरता होईपर्यंत सेक्शनवरची चिकटपट्टी काढू देऊ नका.