मेट्रोच्या डोक्यावरचा रस्ता

११ मे २०२०, सोमवार. पॅरिसची ५५ दिवसांची टाळेबंदी आज उठली. कालपर्यंत फिरायला जायचं तर घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसाला एकच तास, आणि तेही स्वतः भरलेला कागद खिशात ठेवून.

आता कामावर जायला हरकत नाही. पण जायचं कसं? मेट्रोत मास्क सक्तीचा, एक सोडून एक सीट रिकामी. गर्दीच्या वेळी कामाच्या ठिकाणचं पत्र दाखवा, तरच आत. उरलेल्यांनी मोटारी बाहेर काढल्या असत्या, तर शहर तुंबलं असतं.

महापालिकेने नकाशावर बोट ठेवलं ते १, ४ आणि १३ या मेट्रो मार्गांवर. जमिनीखाली ज्या वाटेने मेट्रो धावते, त्याच वाटेने वर सायकली धावू द्यायच्या. सुमारे ५० किलोमीटर. लोक या मार्गांना ‘कोरोनापिस्त’ म्हणू लागले (फ्रेंचमध्ये ‘पिस्त’ म्हणजे मार्गिका).

(दृश्य: रिव्होली रस्ता, सकाळ)

हा रिव्होली. नेपोलियनच्या काळात आखायला घेतलेला. एका अंगाला लूव्र संग्रहालय, पुढे महापालिकेची इमारत, आणि पोटात एक नंबरची मेट्रो. कडेला सायकलमार्ग इथे आधीपासून होता. आता खासगी मोटारींना बंदी झाली. बस, टॅक्सी, रुग्णवाहिका आणि तिथले रहिवासी यांना मिळून एक मार्गिका. बाकीचा रस्ता सायकलींचा.

खोदकाम नाही. सिमेंटचे ठोकळे आणि पिवळा रंग, एवढंच. फ्रान्समध्ये रस्त्यावरचा पिवळा पट्टा म्हणजे ‘तात्पुरतं’. खरी हुशारी या रंगात होती. ‘कायमचं’ म्हटलं असतं, तर बैठकांवर बैठका झडल्या असत्या. ‘तात्पुरतं’ म्हणताच हरकत घेणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला.

अर्थात, हे आभाळातून पडलं नव्हतं. महापौर आन इदाल्गो २०१४ पासून मोटारींची जागा कमी करत होत्या. डिसेंबर २०१९च्या संपात बहुतेक मेट्रो मार्ग बंद पडले, तेव्हाही कित्येकांनी सायकल काढली होती.

जूनमध्ये पार्किंगच्या जागांवर कॅफेच्या खुर्च्या आल्या. इदाल्गो पुन्हा निवडून आल्या.

पायी चालणाऱ्यांची मात्र तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. मोटार निदान सिग्नलला थांबायची. सायकलवाला थांबेलच असं नाही.

सप्टेंबरमध्ये महापालिकेने जाहीर केलं, हे मार्ग राहणार. मग ठोकळे हलले, पक्के कठडे बांधले गेले, आणि पिवळ्या पट्ट्यांच्या जागी पांढरे पट्टे आले.