वायफायचं कार्ड आणि पाचवं कलम

मित्रांनो, डेबियन म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली, संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम). मी ती पहिल्यांदा बसवली ती इथेच, नागपुरात, ऐन मे महिन्यात, कूलरसमोर बसून. लॅपटॉप जुना होता. सगळं नीट चाललं आणि वायफायपाशी गाडी अडली. या कार्डाला फर्मवेअर लागतं, ते पेनड्राइव्हवर आणून द्या, असा निरोप पडद्यावर आला. ती फाइल उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट सुरू व्हायला ती फाइल हवी! फार संताप आला होता.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. बऱ्याच कंपन्या त्याचा मूळ कोड देत नाहीत. म्हणून डेबियनने तो आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवला नव्हता. हे मला कळलं ते त्यांचा 1997 सालचा सामाजिक करार, म्हणजे डेबियनने दिलेली लेखी वचनं, वाचल्यावर. पहिलं कलम म्हणतं, डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, म्हणजे तिचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येईल. चौथं म्हणतं, आमचं प्राधान्य वापरणाऱ्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला. दोन्ही मूल्यं एकाच कागदावर, आणि माझी ती संध्याकाळ नेमकी त्या दोघांच्या मधे सापडली होती.

2022 साली फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यावं का, हा प्रश्न डेबियनच्या सभासदांच्या मतदानाला गेला. तिथली मतदानाची रीत मला फार मोलाची वाटते. एकाच पर्यायावर शिक्का मारायचा नसतो, सगळ्या पर्यायांना क्रम द्यायचा असतो. मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून तुलना होते. ‘यांपैकी एकही नको’ हाही एक पर्याय असतो. करारासारख्या मूळ दस्तऐवजाला हात लावायचा तर तीनास एक असं मताधिक्य लागतं. क्रम द्यायचा म्हटलं की माणसाला स्वतःलाच विचारावं लागतं, माझं म्हणणं पडलं तर मी काय चालवून घेईन? आपल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या सभांत हा प्रश्न कोणी कोणाला विचारतच नाही.

मुक्त आणि फर्मवेअरसह असे दोन वेगळे इन्स्टॉलर द्यावेत, असंही एक मत होतं. शेवटी एकच इन्स्टॉलर ठरला, फर्मवेअरसकट, आणि कराराच्या पाचव्या कलमात तसं वाक्य घातलं गेलं. जून 2023 मधल्या डेबियन 12 पासून ते अमलात आलं.

एवढा खल कशाला, असं तरुण मुलं मला विचारतात. दीक्षाभूमीच्या गावात हा प्रश्न यावा याचं मला वाईट वाटतं. घटना समितीने फार वेळ घेतला अशी टीका तेव्हाही झाली होती. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला उत्तर दिलं, तेव्हा 2,473 दुरुस्त्यांचा विचार करावा लागल्याचं त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. त्यातली एकेक दुरुस्ती कोणाच्या तरी मनातली शंका होती.

निकाल मला पटला, पण रुखरुख आहे. बंद कोड आता न मागता मशीनमध्ये येतो. निदान त्याचा विभाग वेगळा ठेवलाय, कोणतं फर्मवेअर बसवलं ते इन्स्टॉलर सांगतो, आणि नको असेल तर सुरुवातीलाच तसं कळवता येतं. मुलांना डेबियन बसवून देताना ती यादी मी त्यांना मोठ्याने वाचायला लावतो.