बेब रूथने मोडला तो विक्रम कुणाचा होता?

नमस्कार मंडळी. तारीख १८ जुलै १९२१. डेट्रॉइटच्या मैदानावर अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथने कारकिर्दीतला १३९वा होम रन मारला (म्हणजे असा फटका, की मारणारा मैदानातले सगळे बेस, म्हणजे धावताना गाठायचे ठराविक थांबे, एका दमात फिरून धाव काढतो) आणि कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा, बेसबॉलमधला सगळ्यात मोठा विक्रम त्याच्या नावावर झाला. पण त्याचा गाजावाजा काहीच झाला नाही. आधीचा विक्रम कुणाचा आणि नेमका कितीचा, हेच तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. आणि ज्याचा विक्रम मोडला, तो माणूस हयात होता! चौसष्ट वर्षांचा, कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावात राहणारा. रॉजर कॉनर.

जन्म १८५७चा, त्याच वॉटरबरीतला. आईवडील आयर्लंडहून आलेले. सव्वासहा फूट उंची, शंभर किलोच्या आसपास वजन, डावखुरा फलंदाज. १८८० साली तो ट्रॉय शहराच्या संघातून नॅशनल लीग या बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धेत आला. १८८३ पासून न्यूयॉर्ककडून खेळला. त्या संघाला पुढे ‘जायंट्स’ हे नाव पडलं, ते कॉनरसारख्या धिप्पाड गड्यांमुळेच, असं सांगतात.

त्याचा एक फटका मला तपशिलात सांगायचाय. १० सप्टेंबर १८८१, विरुद्ध वूस्टर. नववा म्हणजे शेवटचा डाव, ट्रॉय ४–७ असा मागे. दोघं बाद झालेले, तिसरा गेला की सामना संपला. तिन्ही बेसवर ट्रॉयचे खेळाडू उभे आणि समोर पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ली रिचमंड, ज्याने आदल्याच वर्षी एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता अख्खा सामना काढला होता. कॉनरने होम रन मारला. एका फटक्यात चार धावा, ८–७, सामना खिशात. तिन्ही बेस भरलेले असताना मारलेल्या अशा होम रनला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, आणि नॅशनल लीगच्या इतिहासातला तो पहिला.

आता तुम्ही म्हणाल, कारकिर्दीत १३८ होम रन, मग त्यात एवढं काय? रूथने तर ७१४ मारले. इथे तो काळ समजून घ्यायला हवा. एकच चेंडू डावामागून डाव वापरला जायचा, मार खाऊन खाऊन पार मऊ पडायचा. कित्येक मैदानं एवढी ऐसपैस होती की कुंपणापलीकडे चेंडू जाणं मुश्किल. म्हणून कॉनरचा दुसरा आकडा बघा: २३३ ट्रिपल. फटका मारायचा आणि चेंडू परत येईपर्यंत धावत तिसरा बेस गाठायचा, हे त्या अवाढव्य देहाने २३३ वेळा केलं. माझ्या मते त्याची खरी ताकद होम रनपेक्षा या आकड्यात दिसते.

कुंपण त्याला अडवू शकलं नाही असंही झालं. सप्टेंबर १८८६, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. त्याने मारलेला चेंडू उजवीकडचं कुंपण ओलांडून थेट बाहेरच्या ११२व्या रस्त्यावर पडला. प्रेक्षकांत स्टॉक एक्स्चेंजची मंडळी होती. त्यांनी तिथल्या तिथे टोपी फिरवून वर्गणी काढली आणि त्याला पाचशे डॉलरचं सोन्याचं घड्याळ घेऊन दिलं. गंमत म्हणजे वॉटरबरी हे घड्याळांचंच गाव. सामान्य माणसाला परवडतील अशी स्वस्त घड्याळं तिथे बनत. त्या गावच्या पोराच्या हातात हे सोन्याचं घड्याळ आलं!

१८८५ साली खेळाडूंनी पहिली संघटना उभारली, त्यात कॉनर सुरुवातीपासून होता. संघमालक खेळाडूला बांधून ठेवायचे, दुसरीकडे जाऊ द्यायचे नाहीत, त्याविरुद्ध ही एकजूट होती. १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीगच काढली. कॉनर तिकडे गेला आणि १४ होम रन मारून पहिला आला. एखाद्या मोसमात सर्वाधिक होम रन त्याचे, असं एवढ्या एकाच वर्षी झालं. बाकी सगळं सातत्य. दरवर्षी थोडे थोडे जमवत १८९५ मध्ये तो तोवर सर्वाधिक होम रन नावावर असलेल्या हॅरी स्टोव्हीच्या पुढे गेला आणि पुढची सव्वीस वर्षं पहिल्या जागेवर राहिला.

१८९७ मध्ये मोठ्या लीगमधला खेळ संपल्यावर त्याने आपल्या गावचा छोटा संघ विकत घेतला, चालवला आणि त्यातून खेळलाही. मग वॉटरबरीच्या शाळांच्या इमारतींची देखभाल तपासणारा निरीक्षक म्हणून नोकरी केली. ४ जानेवारी १९३१ रोजी तो गेला. पुरलं ते नाव कोरलेला दगड नसलेल्या कबरीत.

१९७४ च्या सुमारास हँक आरन हा फलंदाज रूथच्या ७१४ जवळ पोचला, तेव्हा लोकांनी विचारायला सुरुवात केली: अरे, मग रूथने कुणाचा विक्रम मोडला होता? जुनी धावपत्रकं पुन्हा चाळली गेली. कॉनरच्या नावावर आधी १३१ होम रन धरले जायचे, ते नीट मोजल्यावर १३८ भरले. १९७६ मध्ये कॉनर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. वॉटरबरीच्या लोकांनी पैसे गोळा केले आणि २००१ मध्ये, मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी, त्याच्या कबरीवर त्याच्या नावाचा दगड बसला.