गॅरेजमधला टेहाचापी लूप

(दृश्य: बोगद्याचं तोंड, मालगाडी आत शिरतेय)

आधी हा शॉट नीट बघा. खाली बोगद्यात डबे शिरतायत आणि त्याच बोगद्याच्या डोक्यावरून वर इंजिनं चाललीयत, दोन गाड्या वाटतात ना? एकच आहे. पुढचं टोक गोल फिरून वर आलंय आणि शेपूट अजून खालच्या बोगद्यात जातेय. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड आणि मोहावे यांच्या मधल्या डोंगरात ही जागा आहे, टेहाचापी लूप. मी पहिल्यांदा तिथे वुडफर्ड-टेहाचापी रोडच्या कडेला उभं राहून हे बघितलं तेव्हा गाडी पूर्ण निघून गेल्यावरसुद्धा पाच मिनिटं तिथेच उभा होतो, आणि घरी येताना गाडीत बायकोला सांगून टाकलं की गॅरेजमध्ये मला हे बनवायचंय.

आता थोडं या जागेबद्दल सांगतो कारण ते कळल्याशिवाय मॉडेलची मजा कळणार नाही. बेकर्सफील्ड समुद्रसपाटीपासून साधारण 400 फुटांवर आणि टेहाचापीचा माथा साधारण 4,000 फुटांवर. सदर्न पॅसिफिक कंपनीला लॉस एंजेलिसकडे जायचं होतं आणि मध्ये हा डोंगर. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच चढ ठेवायचा म्हटलं की रूळ लांबवावे लागतात, कुठे घोड्याच्या नालेसारखं वळण घ्यायचं, कुठे बोगदा, आणि एका टेकडीपाशी तर रूळ टेकडीभोवती पूर्ण गोल फिरवून स्वतःच्याच अंगावरून नेले. हे डोकं विल्यम हूड या इंजिनिअरचं. काम झालं 1876 मध्ये, आणि ते झालं सुमारे 3,000 चिनी कामगारांच्या हातांनी. कुदळ, फावडं, घोड्यांच्या गाड्या आणि काळी बारूद, बस. मुळात या मार्गावर 18 बोगदे होते. बोरघाट ज्यांनी बघितलाय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको, आपल्याकडे 1863 ला घाट सुरू झाला तोही असाच माणसांच्या हातांनी झाला आणि तिथेही इंजिनिअरची नावं राहिली, खणणाऱ्यांची नाही राहिली. मला दोन्हीकडचे बोगदे बघताना हेच आधी आठवतं.

मग मॉडेलचं. या छंदातला सगळ्यात मोठा प्रॉब्लेम जागा. खरी रेल्वे मैलोनमैल आणि आपल्याकडे एक खोली, म्हणून सगळे जण थोडं आखडून घेतात, स्टेशन छोटं करतात, वळण घट्ट करतात, याला सिलेक्टिव्ह कम्प्रेशन म्हणतात आणि त्यात चुकीचं काही नाही, मीही ढीगभर ठिकाणी केलंय. पण लूप मला आखडायचा नव्हता. लूपच आखडला तर मग राहिलं काय?

तर आकडे मांडले. खऱ्या लूपचा घेर 3,779 फूट, एका फेरीत गाडी 77 फूट वर चढते, म्हणजे 2 टक्क्यांचा चढ. वर्तुळाचा व्यास जवळपास 1,210 फूट. एचओ स्केल म्हणजे 1:87 ला हे वर्तुळ 14 फुटांचं होतं, गॅरेज सगळं तेच खाणार. पण एन स्केल, 1:160, तिथे व्यास येतो साडेसात फूट! घेर साडेतेवीस फूट, आणि बोगद्यातला रूळ आणि त्याच्या डोक्यावरचा रूळ यांच्यात उंचीचा फरक पावणेसहा इंच. आमचं गॅरेज वीस बाय वीस फुटांचं. त्या रात्री मी खडूने गॅरेजच्या फरशीवर साडेसात फुटांचं वर्तुळ काढलं आणि मधे उभा राहिलो, आणि बसतंय की हे, असं जोरात ओरडलो.

एचओमधलं टेहाचापी बघायचं असेल तर सॅन डिएगोला बाल्बोआ पार्कमधल्या मॉडेल रेलरोड म्युझियममध्ये जा, तिथे ला मेसा क्लबने केलंय, आणि ते एवढं मोठं आहे की मान दुखेपर्यंत बघावं. मला मॉडेल रेल्वेचं वेड मात्र लागलं पुण्यात, कोथरूडच्या जोशींच्या म्युझियममध्ये, शाळेत असताना.

(दृश्य: प्लायवूडचा सांगाडा, लेव्हल लावलेली)

सांगाडा प्लायवूडचा, त्यावर कॉर्कचा रोडबेड म्हणजे रुळाखालचा थर, आणि वर फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा रूळ. चढ 2 टक्के म्हणजे शंभर इंचाला दोन इंच, कागदावर सोपं, पण प्लायवूडच्या प्रत्येक जोडावर तो थोडा बदलतो आणि एन स्केलची गाडी ते लगेच पकडते. सगळा गोल मी तीन वेळा उखडून परत लावला. वर्तुळाच्या मध्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून मधली टेकडी उचलता येते, खालून सरपटत जायचं, टेकडीचा माथा बाजूला ठेवायचा आणि तिथून काम करायचं.

त्या माथ्याबद्दल एक सांगायचंय. आज तिथे गेलात तर टेकडीवर एक मोठा पांढरा क्रॉस दिसतो. 12 मे 1989 ला सॅन बर्नार्डिनोला मालगाडीचा मोठा अपघात झाला त्यात सदर्न पॅसिफिकची दोन माणसं गेली, त्यांच्या आठवणीत तो आहे. माझ्या मॉडेलवर तो नाही, बघणारे विचारतात. मी 1985 साल धरलंय, आणि 1985 मध्ये ती दोन्ही माणसं जिवंत होती, कामावर येत होती. म्हणून माथा मोकळा.

1985 च का, तर त्या काळातल्या गाड्या. सदर्न पॅसिफिकची करडी इंजिनं, लाल नाक, आणि त्याच रुळांवर सांता फे या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या निळ्या-पिवळ्या, कारण सांता फेला 1899 पासून या रुळांवर गाड्या न्यायचा हक्क होता. दोन्ही कंपन्या तेव्हा एक व्हायला निघाल्या होत्या, इतक्या उत्साहात की परवानगी यायच्या आधीच इंजिनं लाल-पिवळी रंगवायला घेतली, आणि 1986 ला सरकारी कमिशनने नाही म्हटलं. अशी एक लाल-पिवळी माझ्याकडे आहे. आणि टनेल मोटर! हे इंजिन माझं सगळ्यात आवडतं. बोगद्यात गरम हवा वर छताला साचते आणि मागच्या इंजिनांना तीच गरम हवा घ्यावी लागते, इंजिन तापतं आणि बंद पडतं, म्हणून या प्रकारच्या इंजिनात हवा घ्यायच्या जाळ्या खाली, पायवाटेच्या उंचीला आणल्या. त्याच्याही आधी वाफेच्या काळात याच कंपनीने इंजिन चक्क उलटं केलं होतं, ड्रायव्हरची केबिन सगळ्यात पुढे आणि धुराडं मागे, म्हणजे बोगद्यात माणसं गुदमरणार नाहीत. तेलावर चालायची म्हणून ते जमलं, कोळसा असता तर टेंडरमधून पुढे कसा आणणार. त्यातलं शेवटचं, 4294 नंबरचं, सॅक्रामेंटोच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे, नक्की बघा.

रंगाबद्दल. दुकानात गवत मिळतं ते हिरवं. टेहाचापीच्या टेकड्या वर्षातले थोडे महिने हिरव्या, बाकी सोनेरी, दिवाळीनंतर आपल्या घाटमाथ्यावरचं गवत कसं पिवळं पडतं अगदी तसं, आणि मधे मधे ओकची गोल गोल गडद झाडं. मी स्टॅटिक ग्रास म्हणजे नकली गवताच्या तंतूंच्या चार पिवळ्या छटा मिसळल्या, माती मात्र खरी, रस्त्याच्या कडेची, पिठाच्या चाळणीतून चाळलेली. ती चाळणी परत किचनमध्ये आणायची नाही असं मला सांगण्यात आलं. मातीतून चुंबक फिरवायला विसरू नका, लोखंडाचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात, माझी एक मोटर तशीच गेली.

आता खरी गोष्ट. लूप झाला, रूळ झाले, आणि मी पहिल्यांदा पूर्ण लांबीची गाडी लावली. खरी गाडी 4,000 फुटांच्या आसपास असेल तरच ती स्वतःला ओलांडते, एन स्केलला ती झाली 25 फूट, म्हणजे चार इंजिनं आणि साठ-पासष्ट डबे. इंजिनं बोगद्यातून गेली, अर्धा गोल चढली आणि मधले रिकामे डबे आतल्या बाजूला सरळ आडवे पडले, एकामागोमाग एक, जसा दोरा ताणला की वळण सोडून सरळ होतो ना, तसं. परत लावली, परत पडले. डब्यांचं वजन वाढवलं, चाकं बदलली, एन स्केलला डब्याच्या लांबीप्रमाणे किती वजन हवं त्याचा नियम आहे तोही पाळला. थोडं सुधारलं पण गाडी काही पूर्ण चढेना.

तेव्हा बाबा आमच्याकडे सहा महिने आले होते. बाबांनी मध्य रेल्वेत आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं कर्जतला बँकरवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कर्जतला गाडी थांबते आणि मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात ते बँकर, कारण पुढे बोरघाटात 37 फुटाला एक फूट असा चढ आहे. बाबांच्या वेळी डब्ल्यूसीजी-2 इंजिनं होती. ते रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे, काही बोलायचे नाहीत. त्या दिवशी डबे तिसऱ्यांदा पडले आणि ते म्हणाले,

"अरे, तुझा बँकर कुठाय?"

मी म्हटलं, "बाबा, हे मॉडेल आहे, चार इंजिनं पुरतात, ओढायची ताकद आहे त्यांच्यात."

"ताकदीचं कोण बोलतंय? सगळं पुढूनच ओढतोयस. मधल्या डब्यांनी करायचं काय?"

खरंच की. खऱ्या टेहाचापीतसुद्धा तेव्हा हेल्पर, म्हणजे तिकडचे बँकर, लावायचेच, आणि मी त्यांचे फोटो भिंतीवर चिकटवले होते पण ते दिसायला छान म्हणून. बाबा म्हणाले मागे लाव, आपल्याकडे मागेच असतो, कपलिंग तुटलं तर गाडी धरून ठेवायला पण तोच. मागे लावून बघितलं तर आता डबे बाहेरच्या बाजूला उडाले, हलक्या रिकाम्या डब्यांना मागून दाबलं की ते वळणावर बाहेर फेकले जातात. मग फोटो परत बघितले. सदर्न पॅसिफिकवाले लांब गाडीत हेल्पर बऱ्याचदा गाडीच्या मध्ये घालायचे. म्हणजे मधली इंजिनं पुढच्या डब्यांना थोडं ढकलतात, मागच्यांना ओढतात, आणि कुठल्याच कपलिंगवर सगळ्या गाडीचं ओझं येत नाही. साठ डब्यांचं ओझं एका ठिकाणी होतं ते दोन ठिकाणी वाटलं गेलं. बाबांना हे दाखवलं तर बराच वेळ फोटो जवळ धरून बघत होते, मग म्हणाले, "हां, वळण एवढं असेल तर बरोबर आहे त्यांचं."

दोन टनेल मोटर मध्ये घातल्या. डिकोडरमध्ये, म्हणजे इंजिनातल्या कंट्रोलच्या चिपमध्ये, त्यांचा वेग पुढच्या चौघांशी जुळवायला आठवडा गेला, कारण मधली जरा जरी जास्त धावली तर पुढचे डबे उचलतात आणि कमी धावली तर ती स्वतःच ओझं होते. शेवटी मी त्यांना एकाच कंट्रोलरवर ठेवलंच नाही. पुढच्या इंजिनांचा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा कंट्रोल, माझ्याकडे, हेल्परचा बाबांकडे.

(दृश्य: रात्र, गॅरेजचे दिवे मंद, फक्त लूपवर उजेड)

हे त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग आहे, आवाज एडिट केलेला नाही. घाटात पुढच्याने हॉर्न द्यायचा आणि ढकलणाऱ्याने उत्तर द्यायचं, त्याशिवाय नॉच घ्यायचा नाही, म्हणजे ताकद वाढवायची नाही, असं बाबांनी आधीच बजावलं होतं. वुडफर्डला गाडी उभी आहे. हा माझा हॉर्न. आणि हा बाबांचा. ऐकलंत? आता कपलिंग ताणली जातायत, तो टक टक टक आवाज मागे मागे जातोय बघा. पुढची इंजिनं नऊ नंबरच्या बोगद्यातून बाहेर आली. वळण. अर्धा गोल झाला, इथेच पडायचे डबे. नाही पडले. हेल्पर बोगद्यातून बाहेर येतायत, बाबा खुर्चीतून उठलेत, थ्रॉटलवरची नजर काढत नाहीयेत. आणि आता वर बघा, माझं पहिलं इंजिन बोगद्याच्या माथ्यावर आलंय, आणि खाली, त्याच्या बरोबर खाली, आमच्याच गाडीचा कबूस, गार्डचा शेवटचा डबा, आत शिरतोय.