गच्चीवरचा पॉट: सांगलीतली उन्हाळी संध्याकाळ

(दृश्य: पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी. तिच्यावर लाकडी मोगरी पडते. मागे संध्याकाळचं आभाळ, पाण्याच्या टाक्या.)

बर्फ पोत्यातच फोडायचा. उघड्यावर फोडला तर तुकडे गच्चीभर उडतात आणि निम्मा बर्फ हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये जाण्याआधीच पाणी होतो. तुकडा सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान. याहून मोठे तुकडे असले की डब्याभोवती पोकळ्या राहतात, मग तासभर दांडा फिरवला तरी आत दूध ते दूधच. अगदी चुरा केला तर तो दहा मिनिटांत वितळून जातो.

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दुपारी बारा ते पाच गावभागातली दारंसुद्धा अर्धी ओढलेली असतात. चार माणसं बोलवायची, काही खायचं-प्यायचं, तर ते सातनंतर, आणि हॉटेलच्या गर्दीत उभं राहायचं नसेल तर घरच्याच गच्चीवर. मात्र गच्चीवरची ही सात वाजताची मजा सात वाजता ठरवून जमत नाही. ती आदल्या रात्री दुधापासून सुरू होते.

(दृश्य: गॅसवर मोठं पातेलं, दुधावर साय धरते आहे.)

बारा माणसांसाठी पाच लिटरचा पॉट पुरतो. पाच लिटरचा म्हणजे त्यात पाच लिटर दूध ओतायचं, असं नव्हे. फिरवताना मिश्रणात हवा शिरते आणि ते फुगतं, म्हणून डबा दोनतृतीयांशाच्या थोडा वरपर्यंतच भरायचा. म्हशीचं तीन लिटर दूध आटवून अडीचावर आणायचं. साडेचारशे ग्रॅम साखर. तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर गार दुधात कालवून घालायचं आणि दोन-चार मिनिटं ढवळत उकळायचं. नाहीतर आइस्क्रीमला पिठाची चव येते.

चव बघताना मिश्रण नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड लागायला हवं, कारण थंडाव्यात जिभेला गोडी कमी कळते. पण हात सैल सोडायचा नाही. साखर जास्त झाली की मिश्रण गोठायला मागत नाही. पॉट ‘लागत नाही’ तेव्हा लोक बर्फवाल्याला दोष देतात. पुष्कळदा दोष साखरेच्या डब्याचा असतो.

आंब्याचा रस गरम दुधात घालायचा नाही, आंबटपणामुळे दूध फाटू शकतं. दूध गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं, रस वेगळा ठेवायचा आणि पॉट भरताना दोन्ही एकत्र करायचे. आठ-दहा हापूसचा साधारण लिटरभर रस निघतो. हापूस परवडत नसेल तर पायरी घ्या. रायवळ आंबा चवीला झकास, पण त्याच्या दशा डब्यात मिश्रण घुसळणाऱ्या पंख्याला गुंडाळतात, म्हणून तो गाळूनच घ्यायचा.

दूध रात्रभर फ्रीजमध्ये राहायला हवं. या एका गोष्टीत घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. कोमट दूध पॉटमध्ये गेलं तर पहिला सगळा बर्फ ते गार करण्यातच खर्ची पडतो, आणि तोवर फिरणाऱ्या पंख्यानं सायीचं लोणी धरतं. मग आइस्क्रीम जिभेवर तुपकट कणकण लागतं. त्यावर नंतर उपाय नाही.

(दृश्य: लाकडी बादली, पत्र्याचा डबा, दांडा आणि चक्र सुटं करून मांडलेलं.)

पॉट भाड्यानं आणला की सगळ्यात आधी तो तपासायचा. डब्यात पाणी भरून तो कोरड्या कागदावर दहा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर डबा परत करा, कारण तेवढ्याच भोकातून मिठाचं पाणी आत जाणार. लाकडी बादली आदल्या दिवशी पाण्यानं भरून ठेवा. उन्हाळ्यात फळ्या आकसलेल्या असतात, बादली पहिल्यांदा सगळीकडून गळते. रात्रभरात लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. आणि बादलीच्या वरच्या बाजूचं भोक मोकळं आहे ना, ते बघायचं. त्याचं काम पुढे कळेल.

पाच लिटरच्या पॉटला पंधरा किलो बर्फ आणि चार किलो जाडं मीठ लागतं. बारीक मीठ नको, ते लगेच विरघळून तळाशी जातं. बाजारात काही वेळा निळसर लादी मिळते. हा रंग मुद्दाम घातलेला असतो, खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून. डब्याच्या बाहेर तो चालतो. पण पाहुण्यांच्या पन्ह्यात त्यातला एक खडाही जाता कामा नये. खायचा बर्फ वेगळा, वेगळ्या भांड्यात, शक्यतो वेगळ्या मजल्यावर.

भरताना चार बोटं बर्फ, वर मुठीनं मीठ, पुन्हा बर्फ. मीठ बर्फाला वितळायला लावतं, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता बर्फ डब्यातून ओढून घेतो. म्हणून ते खारं पाणी शून्याच्याही बरंच खाली जातं. बरेच जण हे पाणी दिसलं की ओतून टाकतात. तसं करू नका. डब्याला चहूबाजूंनी चिकटून त्याला गार करणारं तेच आहे. फक्त ते झाकणाच्या पातळीला पोचू द्यायचं नाही, आणि बादलीच्या वरच्या बाजूचं ते भोक याचसाठी आहे. बर्फाचा तुकडा अडकून भोक बुजलं की पाणी चढतं, झाकणाखालून आत जातं आणि बारा माणसांचं आइस्क्रीम खारट होतं.

पहिली दहा मिनिटं दांडा सावकाश फिरवायचा, मग एका लयीत. बर्फ खाली बसला की वरून भर घालायची. पाऊण तास धरून चाला. पोरं सुरुवातीला भांडून नंबर लावतात आणि विसाव्या मिनिटाला गायब होतात, म्हणून तरण्या हाताचा एखादा काका शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवावा. पॉटवर पोतं टाकून कुणाला तरी बसवावं लागतं, नाहीतर सगळी बादलीच गोल फिरते. दांडा जड झाला, रेटून फिरवावा लागला, की थांबायचं.

(दृश्य जवळून: ओल्या फडक्यानं झाकणाच्या कडेवरचं मीठ पुसणारा हात. मग कोरडं फडकं. मग झाकण सरकतं.)

झाकण उघडण्याआधी हे पुसणं. पाऊण तासाची मेहनत बहुतेकदा इथेच, शेवटच्या अर्ध्या मिनिटात वाया जाते. पंखा बाहेर काढायचा (त्याला लागलेलं कुणाचं, हा वाद घरोघरी ठरलेला), झाकण परत लावायचं, वर बर्फ-मीठ आणि पोतं, आणि अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात आइस्क्रीम घट्ट बसतं.

(दृश्य: गच्चीवर पाणी मारलं जातंय. वाफ.)

आता गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. सव्वासहाला पहिलं पाणी मारायचं. ते बघताबघता उडून जातं, त्यानं खचायचं नाही. सव्वासातला दुसरं पाणी, आणि ते वाळलं की सतरंज्या. प्लॅस्टिकची चटई नको, खालून भाजते. कठड्याला टेकून बसायचा मोह होतो, पण पश्चिमेचा कठडा संध्याकाळभर तव्यासारखा असतो. पाणी मारायचा हा उपाय एप्रिलमध्ये छान चालतो, हवा कोरडी असते. मेच्या उत्तरार्धात हवेत दमटपणा आला की त्याच पाण्यानं उकाडा वाढतो. तेव्हा एकदाच पाणी आणि पंखा.

जेवण जड नको. सांगलीत संध्याकाळच्या खाण्याचा पाया भडंग. त्यावर जयसिंगपूरचाही तेवढाच हक्क आहे, त्या वादात शिरायला नको. अर्धा किलो गोल, फुगीर, किंचित खारे चुरमुरे दुपारी तासभर उन्हात पसरायचे. एवढ्या उन्हाचा हा एक फायदा: चुरमुरे भाजावे लागत नाहीत. वाटीभर तेलात दोनशे ग्रॅम शेंगदाणे तळून काढायचे. त्याच तेलात दोन गड्डे लसूण, सालासकट ठेचलेला, मंद आचेवर बदामी होईपर्यंत. मग कढीपत्ता, तो चुरचुरीत होईतो. लसूण किंवा कढीपत्ता कच्चा राहिला की त्यातलं पाणी चुरमुऱ्यांत उतरतं आणि भडंग सकाळपर्यंत सादळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, मगच हिंग, हळद, तीन चमचे ब्याडगी तिखट. कडकडीत तेलात तिखट घातलं तर ते करपतं, रंग काळपट येतो आणि मजल्यावरचे सगळे खोकत सुटतात. शेवटी मेतकूट, पिठीसाखर, आणि मीठ चाखून, कारण चुरमुरे मुळातच खारे. कांदा, टोमॅटो, कैरी ज्याच्या त्याच्या ताटलीत. परातीत एकदम कालवलेली भेळ दहा मिनिटांत लगदा होते.

पोटभरीला दहीबुत्ती. तीन वाट्या तांदळाचा मऊ भात दुपारी करायचा, कोमट झाला की लिटरभर कोमट दूध आणि दोनच चमचे दही घालून चारला झाकून ठेवायचा. या उन्हात आठपर्यंत ते नेमकं लागतं, आंबट होत नाही. सकाळी लावलं तर रात्री तोंड वाकडं होईल. भात गरम असताना दही घातलं तर विरजणच मरेल. फोडणी वाढायच्या आधी: मोहरी, उडीद डाळ, सांडगी मिरची.

(दृश्य: दोन बांबूंना ताणलेली चादर, वाऱ्यानं शिडासारखी फुगलेली.)

जेवताना आणि जेवणानंतर करायचं काय? हल्ली प्रोजेक्टर आणतात. मे महिन्यात सांगलीत सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, चित्र नीट दिसायला साडेसात तरी होतात. चादर दुहेरी घ्या, एकेरीतून प्रकाश आरपार जातो. खालची बाजू घट्ट बांधू नका. वारा अडला की चादर बांबूसकट खाली येते. आणि रात्री दहानंतर बाहेर आवाज लावता येत नाही हा नियमच आहे, म्हणून अडीच तासांचा सिनेमा साडेसातलाच सुरू व्हायला हवा. म्हणजे जेवण पडद्याकडे बघत, एकमेकांकडे पाठ करून.

त्यापेक्षा नाट्यवाचन करून बघा. विष्णुदास भावे यांनी 1843 साली याच गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. गावाला नाट्यपंढरी म्हणायचं आणि गच्चीवर मोबाइल बघत बसायचं, हे काही बरं नव्हे. पाच-सहा पात्रांची विनोदी एकांकिका, चाळीस मिनिटांत संपणारी. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत, टाइप मोठा, कारण आजोबांचा चष्मा खाली राहिलेला असतो. एकच दिवा, वाचणाऱ्यांच्या मागे आणि उंचावर. समोर लावला की डोळ्यांवर येतो आणि किडे थेट तोंडावर. भूमिका वयाच्या उलट वाटा: आजीला खलनायक, सातवीतल्या पोराला सासरा. तालीम अजिबात नको. अडखळण्यातच अर्धा हशा आहे.

(दृश्य: कृष्णेचा घाट, दूरवर आयर्विन पूल.)

गच्ची नसेल तर संध्याकाळी कृष्णेचा घाट आहे. 1929 सालचा आयर्विन पूल तिथून छान दिसतो. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथे संगमेश्वराच्या देवळाजवळ भडंगाची पुडी उघडता येते. फक्त पाण्यात उतरायचं नाही. भिलवडी-औदुंबरपासून हरिपूरपर्यंतच्या पात्रात मगरी आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं आणि त्यांची अंडी काठच्या मातीत असतात. पोरांना हे आधीच, घरीच सांगावं. काठावर पोचल्यावर ती कुणाचं ऐकत नाहीत.

(दृश्य: पूर्वेकडे काळं आभाळ. सतरंजीचा कोपरा उडतो.)

आणि वळीव. वारा एकदम पडला, घामाच्या धारा लागल्या आणि क्षितिजावर कापसाचा डोंगर उभा राहिलेला दिसला, की पाणी मारण्याच्या फंदात न पडता जिना मोकळा करून ठेवायचा. आधी धुळीची वावटळ येते, मग टपोरे थेंब. खाली न्यायचा क्रम ठरलेला असावा: आधी विजेची वायर आणि प्रोजेक्टर, मग भडंग, मग सतरंज्या. पॉट शेवटी. त्याच्यावर पोतं आहे, झाकण घट्ट आहे. फक्त जिन्यातून नेताना तिरका करायचा नाही, खारं पाणी झाकणापर्यंत येतं. आणि विजा चमकत असतील तर पॉट तिथेच सोडून माणसांनी खाली यायचं.

रात्री उरलेलं खारं पाणी गच्चीवर ओतू नये. ते भेगांतून झिरपून स्लॅबमधल्या सळ्यांना गंज आणतं. कुंडीत ओतलं तर झाड जातं. बादलीनं खाली नेऊन गटारात ओतायचं, मागून दोन बादल्या साधं पाणी. पॉटचं चक्र गोड्या पाण्यानं धुऊन त्यावर खोबरेल तेलाचा हात, आणि लाकडी बादली सावलीत पालथी. उन्हात ठेवली तर फळ्या पुन्हा आकसतात, आणि पुढच्या रविवारी ज्याच्या घरी पॉट जायचा, त्याच्या फरशीवर ती गळते.